फ्लॅप अर्ध्यात अडकले तेव्हा

पायलट आहे म्हटल्यावर लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. हवेत इंजिन बंद पडलं तर? विमानावर वीज पडली तर? दोन्ही पायलट एकदम आजारी पडले तर? फ्लॅप अर्ध्यात अडकले तर काय करता, असं मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही. माझ्या वाट्याला नेमकं तेच आलं, तेही उतरायला काही मिनिटं उरली असताना. कंपनी, विमानतळ, विमानाचा प्रकार यांतलं काही इथे सांगणार नाही. दोन इंजिनांचं, मधोमध एकच वाट असलेलं, जगात सगळीकडे उडतं तसलं जेट होतं, एवढं पुरे.

आधी फ्लॅपविषयी. खिडकीपाशी बसणाऱ्यांनी ते पाहिलेले असतात. उतरायच्या आधी पंखाच्या मागच्या कडेतून घरघर करत मोठाले पत्रे मागे सरकतात आणि खाली वाकतात. जेटचा पंख वेगात उडण्यासाठी घडवलेला असतो, सावकाश उडणं त्याच्या स्वभावात नाही. त्या संध्याकाळच्या आमच्या वजनाला पूर्ण फ्लॅपसह धावपट्टीवर यायचा वेग होता 138 नॉट, म्हणजे ताशी साधारण 255 किलोमीटर. फ्लॅप आत असते तर त्याच वेगाला पंखाने हवा सोडली असती आणि विमान कोसळलं असतं. म्हणून वेग टप्प्याटप्प्याने कमी करत जायचं आणि प्रत्येक टप्प्याला फ्लॅप थोडे आणखी बाहेर काढायचे. रोजचं काम आहे. हात ते आपोआप करतो.

दोन्ही पंखांचे फ्लॅप एकाच यंत्रणेवर चालतात. मधल्या मोटरपासून दोन्हीकडे लांब दांडे गेलेले असतात आणि ते फिरले की स्क्रू फिरून फ्लॅप सरकतात. एका बाजूला काही अडकलं आणि दुसरी बाजू पुढे जात राहिली, तर एका पंखाची उचल वाढते, दुसऱ्याची वाढत नाही, आणि विमान कलंडायला लागतं. हे होऊ नये म्हणून दोन्ही टोकांच्या सेन्सरांची सतत तुलना चालू असते. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की यंत्रणा दोन्ही बाजू जागच्या जागी थांबवते. थोडक्यात, फ्लॅप ‘अडकतात’ तेव्हा बऱ्याचदा विमानानेच ते मुद्दाम थांबवलेले असतात. ही गोष्ट मनात पक्की असली की पुढचं बरंच सोपं जातं.

त्या फेरीला विमान फर्स्ट ऑफिसर उडवत होता. मी कॅप्टन, रेडिओ सांभाळत होते आणि त्याच्या सांगण्यावरून फ्लॅपचा लिव्हर हलवत होते. लिव्हरच्या खाचांना आकडे असतात, आकडा मोठा तितके फ्लॅप जास्त बाहेर. फ्लॅप 5 वर, उंची साडेतीन हजार फूट, ऑटोपायलट चालू, धावपट्टी साधारण नऊ मैलांवर आणि स्वच्छ दिसत असलेली. त्याने फ्लॅप 15 मागितले. मी लिव्हर 15 च्या खाचेत टाकला आणि नजर डायलवर ठेवली. त्या डायलमध्ये खरं तर दोन सुया असतात, एक डावीची, एक उजवीची. नेहमी त्या इतक्या तंतोतंत एकावर एक बसलेल्या असतात की सुई एकच आहे असं वाटावं. या वेळी दोन दिसल्या. उजवी 10 च्या आसपास, डावी मागे 7 च्या जवळ, आणि दोन्ही थांबलेल्या.

सेन्सर खोटं बोलत असेल, असा विचार पहिल्यांदा येतोच. सेन्सर बिघडतात, सुया चुकीचं दाखवतात. पण त्याच क्षणी माझं लक्ष कंट्रोल व्हीलकडे गेलं. विमान सरळ उडत होतं आणि व्हील किंचित उजवीकडे वळलेलं होतं. ऑटोपायलट पंख समतल ठेवण्यासाठी ते तसं धरून बसला होता. उजवा पंख जास्त उचल देतोय, हे सुयांनी सांगितलं होतं आणि व्हीलने त्यावर शिक्का मारला. दोन वेगळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली, म्हणजे प्रकार खरा.

मी म्हणाले, “आहे ती उंची धर. खाली जायचं नाही.”

त्याने बटण दाबून उंची धरली. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि त्याला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. पुढे जे काही केलं ते कुठल्याही नीट शिकलेल्या जोडीने केलं असतं. पण अ‍ॅप्रोचवर, म्हणजे धावपट्टीच्या रोखाने उतरत येत असताना, खाली जायचं थांबवणं दिसतं तितकं सोपं नसतं. अर्ध्या तासापासून सगळी तयारी एकाच दिशेने चाललेली असते. केबिन आवरलेली, प्रवासी पट्टे बांधून बसलेले, मागे रांगेत आणखी विमानं, समोर धावपट्टीचे दिवे. आणि मन हिशेब मांडतं: उडतंय की नीट, धावपट्टी समोर आहे, थोडा वेग जास्त ठेवू आणि टेकवू. हा हिशेब मोहात पाडणारा आहे आणि तो मोह अनुभवी माणसालाही पडतो. नऊ मैल म्हणजे त्या वेगाला तीन मिनिटं. तीन मिनिटांत चेकलिस्ट वाचायची, नवा वेग काढायचा, धावपट्टी पुरते का ते बघायचं, केबिनला सांगायचं, आणि हे सगळं जमीन वर येत असताना. यातलं एक जरी राहिलं तरी ते उतरल्यावरच कळणार.

अ‍ॅप्रोच सोडायचा म्हणजे गो-अराउंड करायचा, तडक परत वर चढायचं, असं प्रवाशांना वाटेल. पण नेहमीचा गो-अराउंड इथे नडतो. तो आमच्या अंगात इतका भिनलेला असतो की हात विचारायला थांबत नाहीत: थ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर, पूर्ण पुढे, फ्लॅप एक टप्पा आत, विमान चढू लागलं की चाकं वर. यातली दुसरी पायरी इथे निषिद्ध. थांबलेल्या, वाकड्या फ्लॅपचा लिव्हर सवयीने हलवायचा म्हणजे यंत्रणेला नवीन हुकूम द्यायचा आणि ती काय करते ते बघत बसायचं. शिवाय साडेतीन हजार फुटांवरून पूर्ण ताकदीने वर उसळायची गरजच नव्हती. आम्ही फक्त उंची धरली, वेगासाठी थोडा थ्रस्ट वाढवला आणि कंट्रोलरला सांगितलं: अ‍ॅप्रोच सोडतोय, कंट्रोलची अडचण आहे, सरळ जाऊ द्या, मग वर थांबायला जागा द्या. त्याने सहा हजार फूट आणि मोकळी दिशा दिली. चढलो तेही हळूहळू, तीस-चाळीस नॉट इकडेतिकडे होऊ न देता.

वेगाचं थोडं विस्ताराने सांगते. वरची मर्यादा माहीत असते. त्या स्थितीतल्या फ्लॅपला आमच्या विमानात 210 नॉट, त्याच्यापुढे हवेचा दाब पत्र्यांना मोडू शकतो. खालची मर्यादा मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते, कारण एका बाजूला 7 आणि दुसऱ्या बाजूला 10 अशा पंखाची चाचणी घेऊन कुणी तक्ता छापलेला नसतो. म्हणून आम्ही 195 धरला. वेग म्हणजे ताबा. विमान डावी-उजवीकडे कलतं ते पंखांच्या टोकांजवळच्या हलत्या पत्र्यांनी, एलेरॉननी. एलेरॉनवरून जितकी जास्त हवा जाते तितका त्यांचा जोर जास्त, आणि कलंडू पाहणाऱ्या विमानाला तोच जोर सावरतो.

हे वाक्य पुस्तकी वाटू शकतं. ज्या अपघातांनी ते आमच्या धंद्याला शिकवलं ते पुस्तकी नव्हते. 8 सप्टेंबर 1994 ला यूएसएअरची फ्लाइट 427 पिट्सबर्गला उतरायला येत होती. बोइंग 737, उंची सुमारे सहा हजार फूट, फ्लॅप 1, वेग 190 नॉट. पुढे गेलेल्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यात ते हललं, आणि त्यातच शेपटीच्या उभ्या पंखावरचा हलता पत्रा, रडर, एका बाजूला पूर्ण वळला आणि तिथेच राहिला. त्या फ्लॅपला आणि त्या वेगाला एलेरॉन पूर्ण फिरवले तरी रडरला पुरे पडत नव्हते. विमान उलटं होत गेलं. 132 जण गेले, अर्ध्या मिनिटाच्या आत. तपासाला साडेचार वर्षं लागली. त्याआधी 1991 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला युनायटेडची फ्लाइट 585 अशीच उतरताना पडली होती, 25 जण गेले होते आणि कारण सापडलं नव्हतं.

कोडं सुटायला मदत झाली ती तिसऱ्या विमानामुळे. 9 जून 1996 ला ईस्टविंडची फ्लाइट 517 रिचमंडला उतरत असताना तिच्या रडरने असाच हिसका दिला. पण तिचा वेग होता 250 नॉटच्या आसपास. पायलटांनी व्हील उलट्या बाजूला दाबून धरलं, इंजिनांचा थ्रस्ट कमी-जास्त केला, विमान त्यांचं ऐकत राहिलं आणि सगळे सुखरूप उतरले. तपास करणाऱ्यांना पहिल्यांदाच अखंड विमान मिळालं आणि काय झालं ते सांगणारे पायलटही. दोष रडर हलवणाऱ्या हायड्रॉलिक झडपेत निघाला: ती अडकली तर पायलटने पेडल एका बाजूला दाबावं आणि रडरने दुसऱ्या बाजूला जावं, असं होऊ शकत होतं. झडपेची रचना पुढे बदलली. पण त्याआधीच, फ्लॅप काढताना त्या विमानांचा वेग दहा नॉट जास्त ठेवायचा, असा बदल झाला होता. दहा नॉट म्हणजे ऐकायला काहीच नाही.

आमचा रडर ठीक होता आणि 427 च्या मानाने आमची अडचण किरकोळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अज्ञात पंखावर बसून वेग कमी करण्यात फायदा काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

वर गेल्यावर दिशा दिली, ऑटोपायलट चालू ठेवला, आणि मग चेकलिस्ट काढली. फर्स्ट ऑफिसर हुशार मुलगा, विमानाची यंत्रणा त्याला तोंडपाठ. त्याने विचारलं, “मॅम, ऑल्टरनेट फ्लॅप?” प्रश्न अगदी रास्त होता. हायड्रॉलिकने फ्लॅप निघाले नाहीत तर विजेच्या मोटरने हळूहळू काढता येतात, त्याचा स्विच डोक्यावरच्या पॅनेलवर असतो. मी म्हटलं, “तू उडव. मी वाचते.” चेकलिस्टचा एक सुरुवातीचा प्रश्नच हा होता: दोन्ही सुया सारख्या आहेत की वेगळ्या? सारख्या असतील तर ऑल्टरनेटचा रस्ता. वेगळ्या असतील तर त्या स्विचला हात लावायचा नाही, कारण विजेच्या रस्त्यावर ती तुलना करून थांबवणारी यंत्रणा नाही. मोटर आपली फिरत राहील, एक फ्लॅप जाईल, दुसरा जाणार नाही. आम्हाला लिव्हर प्रत्यक्ष स्थितीच्या जवळच्या, कमी फ्लॅपच्या खाचेत आणून ठेवायचा होता आणि आहे त्या पंखावर उतरायचं होतं. बस्स.

इथे माझं एक ठाम मत आहे आणि त्यावरून माझे वाद होतात. कंट्रोल बिघडला असेल आणि विमान उडत असेल, तर ती या क्षणाला तुमच्याकडची एकमेव खात्रीची गोष्ट आहे. चेकलिस्ट सांगते तेवढं करा, त्यापुढे दुरुस्ती करायला जाऊ नका. आमच्यातले जे इंजिनिअरिंगची आवड असलेले आहेत त्यांना हे पटत नाही. सर्किट ब्रेकर ओढून बघू, लिव्हर एकदा मागे-पुढे करून बघू, कदाचित सुटेल. कदाचित सुटेलही. कशाने सुटलं आणि सुटून कुठे गेलं, ते मात्र आपल्या हातात राहत नाही.

31 जानेवारी 2000 ची अलास्का एअरलाइन्सची फ्लाइट 261 याबाबतीत मला कायम आठवते. एमडी-83 विमान, 88 माणसं. शेपटीचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, चढतानाच अडकला. तो हलवणाऱ्या मोठ्या स्क्रूवरच्या नटाचे आटे वंगणाअभावी झिजून गेले होते. पायलटांना ते कसं कळणार? त्यांना एवढंच दिसत होतं की ट्रिम, म्हणजे स्टॅबिलायझरचा कोन बदलणं, चालत नाही. त्याच अवस्थेत ते दोन तासांहून जास्त उडाले. मग त्यांनी पुन्हा ट्रिमच्या मोटरी चालवून पाहिल्या, अडकलेलं सुटलं, आणि विमान 31 हजार फुटांवरून 24 हजारांच्या खाली डुबकी मारत गेलं. त्यांनी ते सावरलं, आणि ते सावरणं अफाट होतं. पण काही मिनिटांनी स्क्रूची जोडणी पुरतीच तुटली आणि विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडलं. मूळ दोष देखभालीचा, यात शंका नाही, आणि मला त्या दोघांवर बोट ठेवायचं नाही. पण नंतर अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने पायलटांसाठी जी शिफारस केली ती सरळ होती: कंट्रोलमध्ये बिघाड आहे आणि विमान ताब्यात आहे, तर लागू असलेली चेकलिस्ट करा, तिच्यापलीकडचे उपाय करू नका, आणि अडचण सुटली नाही तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरा. माझं मत म्हणजे एवढंच. ते मी 88 माणसांच्या किमतीवर शिकलेल्या लोकांकडून उसनं घेतलेलं आहे.

चेकलिस्टच नसेल तर? तसंही झालेलं आहे. ऑक्टोबर 2002 मध्ये नॉर्थवेस्टच्या 747-400 चा खालचा रडर बेरिंग समुद्रावर 17 अंश डावीकडे वळून अडकला. त्या बिघाडासाठी कुठलाही कागद नव्हता. चार पायलटांनी डोकी एकत्र केली, कंपनीशी रेडिओवर बोलले, आणि 404 माणसांसह अँकरेजला नीट उतरले. त्यांनीही वर असतानाच सगळं ठरवलं होतं.

आमच्यासाठी आता खरा प्रश्न इंधनाचा होता. फ्लॅप बाहेर अडकले की विमान ओढतं फार. वरच्या विरळ हवेत जाता येत नाही, 20 हजार फुटांची मर्यादा असते, वेग 210 च्या खाली बांधलेला. दुसऱ्या विमानतळासाठी आम्ही जे इंधन घेऊन निघालो होतो, ते आत घेतलेल्या फ्लॅपच्या हिशेबाने. या अवस्थेत तिथे जायला जवळपास दुप्पट लागलं असतं. कागदावर आमच्याकडे दुसरा विमानतळ होता, प्रत्यक्षात तो पुसला गेला होता. फ्लॅपच्या बिघाडाची ही बाजू फारशी कुणी बोलत नाही. इंजिन, हायड्रॉलिक यांचे इशारे लाल-पिवळ्या दिव्यांनी येतात, पण ‘तुमचा दुसरा पर्याय आत्ता गेला’ असा दिवा कुठे नाही. तो हिशेब माणसानेच करायचा आणि लवकर करायचा. खाली हवा चांगली होती, वारा धावपट्टीच्या सरळ आणि हलका, म्हणून आम्ही मूळ विमानतळावरच परतायचं ठरवलं आणि थांबायला वीस मिनिटांची मर्यादा घातली.

पॅन-पॅन, म्हणजे रेडिओवरचा तातडीचा इशारा, जाहीर केला. मेडे का नाही, असं नंतर एकाने विचारलं. तातडी होती, जीव धोक्यात होता असं म्हणता येत नव्हतं, आणि पॅन-पॅन दिल्यावर हवं ते सगळं मिळालं. कंट्रोलरने माणसं किती आणि इंधन किती वेळाचं ते विचारलं. चेकलिस्ट चालू होती म्हणून मी त्याला आधी थांबायला सांगितलं आणि दोन मिनिटांनी उत्तर दिलं. त्याला राग आला नाही.

केबिनच्या प्रमुखाला आत बोलावून चार गोष्टी सांगितल्या: काय झालंय, काय करणार आहोत, किती वेळ आहे, वेगळं काही करायचंय का. वेगळं काही नव्हतं, डोकं खाली धरून बसायची तयारी नको होती. तिने ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवलं. प्रवाशांसाठी मी स्वतः बोलले. फ्लॅप पूर्ण निघत नाहीत, विमान व्यवस्थित ताब्यात आहे, नेहमीपेक्षा वेगात उतरू, ब्रेक जोरात लागतील, आणि धावपट्टीच्या कडेला अग्निशमनाच्या गाड्या दिसतील, त्या आम्हीच बोलावल्या आहेत. हे शेवटचं सांगितलंच पाहिजे. गाड्या दिसणारच असतात. आधी सांगितलं नाही तर खिडकीतून त्या बघून माणूस जी कथा रचतो ती आपल्या कथेपेक्षा फार वाईट असते.

आता आकडे. चेकलिस्टप्रमाणे 138 मध्ये 30 मिळवायचे, म्हणजे 168 नॉट. वेग 22 टक्क्यांनी वाढला. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ब्रेकना जिरवायची ऊर्जा जवळपास 48 टक्क्यांनी वाढली. टॅब्लेटवरची मोजणी 2,300 मीटरवर आली, धावपट्टी 3,200 ची आणि कोरडी. टायरची मर्यादा साधारण 195 नॉट जमिनीवरचा वेग, तीही लांब होती. खाली येण्याचा दरसुद्धा वेगासोबत वाढतो. तीन अंशाच्या उतारावर जमिनीवरच्या वेगाला पाचाने गुणलं की मिनिटाला किती फूट ते निघतं. नेहमी साडेसहाशे-सातशे, आमचे आठशेच्या वर. डोळ्यांना ती धावपट्टी अंगावर येतेय असं वाटणार, हे आधी बोलून ठेवलं.

सर्वांत जास्त वेळ मी ज्यावर घालवला ती गोष्ट चेकलिस्टमध्ये एका ओळीची असते, काही चेकलिस्टांमध्ये नसतेही. सहा हजार फुटांवरच आम्ही उतरण्याची रंगीत तालीम केली. चाकं खाली काढली. वेग पाच-पाच नॉटने कमी करत 168 वर आणला. मग ऑटोपायलट काढून आधी त्याने आणि मग मी विमान हातात घेतलं. हळू डावीकडे, हळू उजवीकडे, थ्रस्ट थोडा वाढवून, थोडा कमी करून. व्हील सरळ उडताना किती वळलेलं राहतं ते बघितलं. मी शिकले तो नियम असा की सरळ उडायलाच अर्ध्याहून जास्त व्हील लागत असेल तर तो वेग तुमचा नाही, परत वाढवा. आम्हाला त्याच्या कितीतरी कमी लागत होतं. डावीकडून उजवीकडे वळायला विमान जरा आळशी होतं, बाकी काही नाही. ऑटोपायलटवर हे कळत नाही. तो शांतपणे व्हील धरून बसतो आणि किती जोर लावतोय ते सांगत नाही. मर्यादा संपली की एकदम सोडून देतो, आणि ते उतरायच्या आधी दोनशे फुटांवर झालं तर काय? म्हणून विमानाची ओळख वरच करून घ्यायची. जी अवस्था तपासली, त्याच अवस्थेत खाली यायचं. त्यानंतर चाकं वर घेतली नाहीत, वेग बदलला नाही, काहीच हलवलं नाही.

अशी लँडिंग आमच्या नियमाप्रमाणे कॅप्टनने करायची, म्हणून वरच, सरळ उडताना, मी ताबा घेतला. अ‍ॅप्रोचच्या मध्ये अदलाबदल करण्याच्या मी विरुद्ध आहे. पंधरा मैलांवरून लांबलचक फायनल, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा, घेतली. जमिनीजवळ ‘फ्लॅप कमी आहेत’ असं ओरडणारा यंत्राचा आवाज बंद करायचा स्विच चेकलिस्टप्रमाणे आधीच टाकला होता. नाहीतर शेवटच्या पाचशे फुटांत तो कान किटवतो आणि खरा इशारा आलाच तर त्यात बुडून जातो.

लँडिंगबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. जास्त वेगात एक धोका तरंगण्याचा: जमिनीजवळ नाक उचलत राहिलं की विमान टेकतच नाही आणि धावपट्टी खालून पळत जाते. दुसरा धोका शेपूट घासण्याचा. दोन्हीवर उपाय एकच, नाक अगदी थोडं उचलायचं आणि ठरलेल्या जागी टेकू द्यायचं, हळुवारपणाचा हट्ट सोडून. टेकलं, चांगलंच जाणवेल असं. पंखांवरचे स्पॉयलर वर आले, इंजिनांचा रिव्हर्स, ऑटोब्रेक. धावपट्टी बरीच शिल्लक असताना विमान थांबण्याच्या वेगाला आलं.

धावपट्टी सोडून लगेच बाजूला थांबलो आणि पार्किंग ब्रेक मुद्दाम लावला नाही, चाकांखाली अडसर येईपर्यंत पायानेच धरलं. एवढी ऊर्जा जिरवल्यावर ब्रेक उतरल्यानंतरही काही मिनिटं तापतच जातात. चाकांमध्ये वितळणारे प्लग असतात. फार तापलं तर ते वितळून टायरमधली हवा सोडून देतात, म्हणजे टायर फुटत नाही. आमचे वितळले नाहीत. अग्निशमनवाल्यांनी चाकांवर कॅमेरा रोखून तापमान बघितलं आणि पुढे जाऊ दिलं.

इंजिनिअरांना डाव्या बाजूच्या एका फ्लॅपच्या स्क्रूमध्ये दोष सापडला. सेन्सर खरं बोलत होते.

नंतर बरंच लिहिणं झालं, रिपोर्ट, रेकॉर्डरमधली नोंद, मुलाखत. त्यात फर्स्ट ऑफिसरने एक मुद्दा काढला तो मला अजून पटतो. सिम्युलेटरमध्ये फ्लॅपचा बिघाड आम्ही नेहमीच केलेला असतो, पण तिथे तो येणार हे अर्धंअधिक माहीत असतं, इंधन भरपूर असतं, आणि वेळ कमी पडला तर शिकवणारा सगळं गोठवून ठेवतो. अ‍ॅप्रोच सोडायचा की नाही, हा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने कधी पडतच नाही. आम्ही ट्रेनिंगवाल्यांना सुचवलं की हा बिघाड नऊ मैलांवर, धावपट्टी दिसत असताना आणि कमी इंधनावर द्या. त्यांनी तो तसा देऊन बघितला. माझ्या ओळखीच्या एका जोडीने तोच मोहाचा हिशेब मांडला आणि सरळ खाली येत राहिली. चेकलिस्ट अर्धी वाचून झाली तेव्हा उंची आठशे फूट होती आणि मग तिथून त्यांना वर जावं लागलं.

मी आता उतरण्याच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये एक प्रश्न वाढवला आहे. फ्लॅप 5 वर थांबले तर कुठे जायचं? सोबतच्या पायलटला तीस सेकंद देते. बहुतेक जण धावपट्टीची लांबी सांगायला लागतात, आणि मग त्यांचा हात इंधनाच्या पानाकडे जातो.